सांगशील तेवढे टाके

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लावले म्हणून तू फुगून बसली असशील. बैस. पण वाच मात्र पूर्ण, कारण पहिलं पान खुशालीचं आहे आणि दुसरं काळजीचं.

खुशाली अशी की ह्यांना शीतगृहात काम मिळालं. दिवसभर फळांच्या पेट्या थंड खोल्यांतून आत-बाहेर करायच्या. पगार बरा आहे, माणसं बरी आहेत, फक्त घरी येतात तेव्हा नाक लालभडक झालेलं असतं आणि तासभर कोणी बोलायला गेलं तर नुसतं हं हं करतात. जुना स्वेटर कोपरांवर विरलाय. शिवाय तो आता पोटावरून खाली उतरत नाही. तो आटला असं ह्यांचं म्हणणं आहे. मी वाद घातला नाही.

आता काळजी. भिंगरीच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. पाचवीत आल्यापासून पोरीचं गणित घसरलंय. म्हणजे पाढे विचार, घडाघडा म्हणते. बेरीज-गुणाकार वर्गात सगळ्यांच्या आधी सोडवून वही देऊन मोकळी होते. पण उत्तर काय आलंय याच्याशी तिचं काही देणं-घेणं नसतं. बाईंनी मला वही दाखवली. एका वर्गात अडतीस मुलं, तर सहा वर्गांत किती? आमच्या भिंगरीचं उत्तर एक हजार आठशे अठ्ठेचाळीस. सहा अठ्ठे अठ्ठेचाळीस, सहा त्रिक अठरा, दोन्ही शेजारी शेजारी मांडले आणि झालं. बाईंनी विचारलं की अगं एवढी मुलं बसवायची कुठे, तर म्हणाली की ते गणितात विचारलेलं नाही.

मला आधी हसू आलं आणि मग घरी येईपर्यंत रडू. मार्चमध्ये चाचणी आहे. त्यात कमी पडलेल्या मुलांना सहावीत वेगळ्या तुकडीत बसवणार. बालवाडीपासून जिच्या शेजारी बसते ती मैत्रीण या तुकडीत आणि ही त्या तुकडीत. भिंगरी रात्री मला म्हणाली की आई, मला आकडे नुसते ऐकू येतात, दिसत नाहीत. इतरांना दिसत असतील.

मी तिच्यासाठी करायचं ते सगळं करते. रोज संध्याकाळी शेजारी बसते. चुकीचा आकडा उमटायच्या आत माझा खोडरबर तिथे पोचलेला असतो. घरी केलेल्या गृहपाठात एक चूक सापडणार नाही. तरी वर्गात हे असं. तू काही सुचव. तुला सगळ्यातलं कळतं असं तू लहानपणापासून सांगत आली आहेस, आता दाखव.

तब्येत सांभाळ. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
धाकटी

*

दि. १४ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी दोन्ही पानं वाचली. मेहुण्यांना सांग की लोकर आटते हे खरं, पण ती फक्त पोटापाशी आटत नाही.

भिंगरीचं म्हणशील तर तुझ्याच पत्रात उत्तर आहे. खोडरबराच्या ओळीपाशी घोडं पेंड खातंय. उत्तर लिहून झालं की त्याच्याकडे बघायचं काम या घरात तुझं आहे, असं पोर समजून चाललीय. मग ती कशाला बघेल? वर्गात तू नसतेस, म्हणून तिथे कोणीच बघत नाही. तू लहानपणी माझी चित्रंसुद्धा दुरुस्त करायचीस, आणि मी तर तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती खोड अजून गेली नाही. रागावू नकोस. तू नोकरी करतेस त्या प्रयोगशाळेत याच सवयीमुळे लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट बरोबर जातात.

माझ्या डोक्यात एक आलंय. मेहुण्यांचा स्वेटर मी विणते. दुकानासाठी विणायचं काम सध्या कमी आहे आणि लहान मुलांची मोजकी मापं विणून मला कंटाळा आलाय. पण टाके किती घालायचे हे भिंगरीने ठरवायचं. ती जो आकडा लिहून पाठवेल तोच मी विणणार, एक टाका इकडे नाही की तिकडे नाही. मी तपासणार नाही आणि तू तर अजिबातच तपासायचं नाहीस. फोनवर सांगितलेला आकडा चालणार नाही, कारण फोनवर तुझा आवाज मागून येईल हे मला पक्कं माहीत आहे.

चुकलं तर काय, असं तू आता विचारशील. चुकलं तर उसवायचं. लोकर कुठे पळून जात नाही.

सोबत भिंगरीची चिठ्ठी आहे. ती तू वाचू नकोस. म्हणजे वाचशीलच, पण वाचली नाहीस असा चेहरा कर.

असाच जीव लावत जा.

तुझी,
ताई

*

(त्याच पाकिटात)

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांना स्वेटर हवाय आणि मला मदतनीस हवीय. सोबत लोकरीचा एक चौकोन पाठवत आहे. मी ज्या सुयांनी आणि ज्या लोकरीने स्वेटर विणणार त्यांनीच तो विणलाय. तो दहा सेंटीमीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच आहे. आडवे मोजलेस तर अठरा टाके भरतील, उभ्या मोजल्यास तर चोवीस ओळी. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ.

पहिलं काम पाठीचं. बाबांची पाठ आडवी मोज, थोडी सैल धर आणि मला कळव की मी सुईवर किती टाके घालू. तू सांगशील तेवढे घालीन. आईला विचारायचं नाही. बाबांना विचारलंस तरी चालेल, कारण त्यांना येत नाही.

वाट बघते. मावशीला विसरू नकोस.

तुझी,
मावशी

*

दि. २० जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सुरुवात आईने सांगितली तशी केली आहे. त्या अक्षरांचा अर्थ विचारू नकोस, मला फक्त शि माहीत आहे.

चौकोन मिळाला. खूप मऊ आहे. मी मोजला, अठराच भरले. बाबांची पाठ सैल धरून साठ सेंटीमीटर आहे. मोजताना ते हसत होते म्हणून तीनदा मोजावी लागली.

गणित मी लगेच केलं. ६० × १८ = १०८०. एक हजार ऐंशी टाके घाल. आईने बघितलं नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत होती.

मी गणित एका मिनिटात केलं हे बाईंना सांगणार आहे. तू लवकर वीण, बाबांना थंडी वाजते. माझ्यावर खूप प्रेम कर.

तुझी,
भिंगरी

*

दि. २ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलेस तेवढे टाके घातले. एक हजार ऐंशी. दोनदा मोजले, कारण तुझ्या कामात माझ्याकडून चूक व्हायला नको.

एका सुईवर मावेनात म्हणून घरातल्या सगळ्या गोल सुया काढल्या आणि एकीला एक लावत गेले. दुकानातूनही दोन मागून आणल्या. चार ओळी झाल्या आहेत. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले वर आले होते. त्यांनी बराच वेळ दारात उभं राहून बघितलं आणि मग विचारलं की ज्यांच्यासाठी हे चाललंय ते गृहस्थ अंगाने कसे आहेत. मी म्हटलं की ते भिंगरीला माहीत, तिने मोजलंय. मग त्यांनी दुसरं टोक जरा वेळ धरून ठेवलं आणि खाली गेले.

पुढच्या ओळी विणण्याआधी एकदा बाबांच्या पाठीला लावून बघ, म्हणून सुयांवरून उतरवून, टाके दोऱ्यात ओवून पाठवते आहे. ठीक असेल तर तसं कळव, मी पुढे विणते.

बाबांना नमस्कार. तुझ्या पत्राची ओढ आहे.

तुझी,
मावशी

*

दि. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू माणूस आहेस की कोण? आकडा वाचल्यावर तुला कळलं नसेल असं होणार नाही, तरी एक हजार ऐंशी टाके घालून चार ओळी विणल्यास. हात मोडले नाहीत का? आणि बाई, त्या चिठ्ठीत एका शब्दाने सुचवलं नाहीस.

पार्सल भिंगरीने उघडलं. त्यातून ते निघायला लागलं ते निघतच राहिलं. तिने एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन चालायला लागली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, ती पॅसेजमधून, बैठकीतून, दारातून बाहेर जिन्यात. शेवटी तिचा आवाज शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावरून आला की आई, संपत नाहीये. ह्यांनी ते अंगाभोवती गुंडाळायला घेतलं. पाच वेढे बसून वर शेपूट उरलं. मग हे हात पसरून म्हणाले की मस्त ऊब आहे, फक्त चालता येत नाही. आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. बऱ्याच दिवसांनी आमच्या घरात गणितावरून कोणी हसलं.

मग भिंगरी जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. मला वाटलं, झालं, आता ही पोर पुन्हा आकड्यांच्या वाटेला जात नाही. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. नुसतं म्हणायचं होतं की बाळा, अठरा टाके दहा सेंटीमीटरला असतात, एकाला नाही. ह्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी उठून कपडे घडी करायला गेले. घडी केलेले कपडे पुन्हा घडी केले.

बऱ्याच वेळाने ती तुझा चौकोन घेऊन बाहेर आली. ह्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि चौकोन पाठीवर एका कडेला लावला, मग त्याच्या शेजारी, मग त्याच्या शेजारी, पोस्टातला माणूस शिक्के मारतो तसा. सहाव्यांदा दुसरी कड आली. ती म्हणाली की सहाच वेळा? एवढंच?

पुढचं ती लिहील. मी तपासलेलं नाही. मला किती जड गेलं हे तुला कळणार नाही, कारण तू जन्मात कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाहीस, नुसती विणून पाठवलीस.

तुझा लोभ आम्हा तिघांवर राहू दे.

तुझी,
धाकटी

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

त्या घड्याळवाल्या काकांना सांग की माझे बाबा सहा मीटर रुंद नाहीत.

मी आधी चौकोन पाठीवर लावून बघितला. सहा चौकोन बसतात. एका चौकोनात अठरा टाके. अठरा म्हणजे वीसच्या जवळ. सहा विसे एकशेवीस, म्हणून उत्तर एकशेवीसपेक्षा थोडं कमी यायला पाहिजे हे मला करायच्या आधीच माहीत होतं. प्रत्येक चौकोनात दोन जास्त धरले होते, म्हणजे बारा जास्त झाले. ते काढले. १०८ टाके घाल.

मग मी नेहमीसारखा उभा गुणाकारही केला. तोपण १०८ आला. मला एकदम गंमत वाटली, म्हणजे दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी गेले आणि आमच्याच घरी पोचले.

पट्टी उसवून गुंडा केला आहे. बाबांनी हात धरून ठेवले आणि मी गुंडाळली. लोकर आता कुरळी झाली आहे. चालेल का? बाबा म्हणतात की त्यांना कुरळीच आवडते.

तुझ्यावर माझा लोभ आहे. तू पण कर.

तुझी,
भिंगरी

*

दि. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाठ झाली आणि पुढची बाजूही झाली. दोन्ही जोडून माझ्या खुर्चीला घातल्या आहेत. खुर्ची तुझ्या बाबांसारखी दिसते, फक्त कमी बोलते.

वीस धरून दोन-दोन काढायची युक्ती तुला कोणी शिकवली नाही, तू काढलीस. अशी आपण काढलेली युक्ती कायम आपली राहते. यापुढे प्रत्येक वेळी तसंच कर. आधी साधारण किती येईल ते ठरव, मग हिशोब कर, मग दोघांची गाठ घालून दे. दोघं एकमेकांना ओळखत नसतील तर मला पत्र टाकायची घाई करू नकोस.

आता बाही. हे पाठीपेक्षा अवघड आहे, म्हणून नीट वाच. बाही मनगटापाशी अरुंद असते आणि वर रुंद होत जाते. मी बेचाळीस टाक्यांनी सुरुवात करीन आणि खांद्यापाशी मला सत्तर हवेत. टाके वाढवायचे ते एकाच ओळीत दोन, डाव्या कडेला एक आणि उजव्या कडेला एक. बाहीची लांबी तू मोज. मला एवढंच सांग की दर किती ओळींनी वाढवू. सगळं वाढवून झालं आणि ओळी उरल्या तर किती उरल्या तेही लिही, त्या मी सरळ विणीन. पण बाही बाबांच्या हाताएवढीच व्हायला हवी.

आधी डावी विणते. ती बसली की उजवी.

चाचणी जवळ आली ना? तुझ्या बाकावरच्या शेजारणीला माझा आशीर्वाद सांग. मावशीची आठवण ठेव.

तुझी,
मावशी

*

दि. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मिळेल तेव्हा तू बाही विणायला घेतली नसशील अशी आशा करते. घेतली असशील तर थांब.

माझ्याकडून आगळीक झाली आहे. भिंगरीने बाहीचा हिशोब दोन संध्याकाळी बसून केला. बेचाळीसपासून सत्तर म्हणजे अठ्ठावीस टाके वाढवायचे, एका वेळी दोन, म्हणजे चौदा वेळा. हाताची लांबी चाळीस सेंटीमीटर, म्हणजे चार चौकोन, प्रत्येकी चोवीस ओळी, शहाण्णव ओळी. हे सगळं ती मोठ्याने बोलत होती आणि मी पलीकडच्या खोलीत पदर दाताखाली धरून बसले होते. सगळं बरोबर होतं. मग ती पुटपुटायला लागली आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.

पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. उघडं होतं. मी नुसतं बघणार होते, ताई, खरंच. तिने लिहिलं होतं की दर सहा ओळींनी वाढव आणि शेवटच्या बारा ओळी सरळ वीण. मी मनात भागाकार केला. शहाण्णव भागिले चौदा, सहा पूर्णांक शहाऐंशी शतांश. म्हणजे जवळजवळ सात. प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर हेच करतो, अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा आकडा. मला वाटलं की पोरीने पुढचा अपूर्णांक सोडून दिला आणि एवढी मेहनत वाया जाणार. तिने पेन्सिलीनेच लिहिलं होतं. मी सहा खोडला आणि तिच्या वळणाचा सात काढला, आणि पाकीट टाकून आले.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आलं, पण तुला लिहायचा धीर व्हायला पाच दिवस गेले. चौदा वेळा सात केलं तर ओळी शहाण्णवच्या पुढे जातात. वर तिच्या त्या बारा सरळ ओळी आहेतच. तिचंच बरोबर होतं. सगळं बसवून उरलेल्या ओळीसुद्धा तिने मोजल्या होत्या.

चाचणी सोळा तारखेला आहे. आत्ता जर वेडीवाकडी बाही घरी आली तर ती म्हणेल की बघ, मला येतच नाही. तू कृपा करून दर सहा ओळींनीच वीण आणि तिला काही कळू देऊ नकोस.

माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

*

दि. १० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा बाही पोस्टात पडलेली होती. दर सात ओळींनी, वर बारा ओळी सरळ, कागदावर होतं तसं. विणताना मलाही वाटलं की लांब होतेय, पण बोलायचं नाही असं मीच ठरवलं होतं. मला वाटलं की पोर चुकलीय आणि बाही हातात घालून बघितली की तिला कळेल. तू मध्ये हात घातला असशील हे मला सुचायला हवं होतं. सात जरा जास्तच सुबक होता.

आता रागावण्यात अर्थ नाही. उद्या-परवा ते पार्सल तुमच्या दारात येईल. भिंगरी ती बाही मेहुण्यांच्या हातात चढवेल आणि त्यांचा अर्धा पंजा झाकला जाईल. पहिल्या वेळी चुकली तेव्हा तिने काहीच बघितलं नव्हतं, म्हणून हसून झालं. यावेळी तिने सगळं बघून, दोन संध्याकाळी घालून केलंय. एवढं करूनही चुकतं असं तिच्या मनाने घेतलं, तर चाचणी राहू दे, पुढची कित्येक वर्षं ती आकड्यांकडे मान वर करून बघणार नाही.

मी तिला लिहून कळवू शकते. पण मी नाही कळवणार. ते तुझ्या तोंडून जायला हवं, आणि पार्सल यायच्या आत गेलं तर बरं. अवघड आहे हे मला ठाऊक आहे. तुझ्यासारख्या बिनचूक बाईला तर जास्तच.

पोरीला जवळ घे आणि सांगून टाक. मी आहे तुझ्या मागे.

तुझी,
ताई

*

दि. २५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी पेनने लिहीत आहे. का ते पुढे कळेल.

बाही शुक्रवारी आली, शाळेतून आले तेव्हा. तू आईला लिहिलेलं पत्र शनिवारी आलं. ते मी वाचलेलं नाही, पण आई ते वाचून खूप वेळ गॅलरीत उभी होती. आता शुक्रवारचं सांगते.

बाबांनी बाही घातली तर अर्धा पंजा आत हरवला. बाबा म्हणाले की छान आहे, थंडीत हातमोज्याचं काम नाही. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, मला कळतं. मला पहिल्यांदा वाटलं की परत चुकलं. नेहमी वाटतं तसंच. मी टेबलाखाली जाणार होते. पण मग मला आठवलं की या वेळी मी अंदाज केला होता आणि हिशोबही केला होता, आणि दोघांची ओळख होती. मग लांब कशी झाली?

म्हणून मी बाही जमिनीवर पसरली आणि कडेने बोट फिरवलं. तू टाके वाढवतेस तिथे छोटीशी गाठ लागते. दोन गाठींच्या मधल्या ओळी मोजल्या. सात. पुढच्या सात. सगळीकडे सात.

आई दारात उभी होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. पण मीच आधी बोलले. मी म्हणाले की हा सात माझा नाही. बाबा म्हणाले की अगं, घाईत लिहिला गेला असेल. मी म्हणाले की नाही, जाणारच नाही. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. बाही शहाण्णव ओळींची. सात त्यात मावतच नाही. मी सात करून बघितला होता आणि मावला नाही म्हणून सोडून दिला होता. चौदा सक चौऱ्याऐंशी, तो मावला, वर बारा उरल्या, त्या मी लिहिल्या. ज्याने सात धरला त्याने बारा कशा उरल्या याचा विचार केला नाही. मावशी, मला वाटलं की तूच चुकलीस. सॉरी.

आई खाली माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली की तो सात तिचा आहे. पाकीट उघडून तिने माझा सहा खोडला होता. मला राग आला. खूप आला. मी म्हणाले की तुला माझं बरोबर दिसलंच नाही. आई म्हणाली, नाही दिसलं. मग ती रडली आणि मी पण. बाबा आमच्या दोघींमध्ये त्या लांब बाहीसकट बसून राहिले.

नंतर आईने मला विचारलं की सात मावत नाही हे तू आधीच कसं बघितलंस. मी तिला चौकोन लावून दाखवलं. तिला दोनदा दाखवावं लागलं. ती म्हणाली की तिच्या कामात पुढचा आकडा घेतात ते ठीक आहे, पण बाहीला खांद्यापाशी थांबावं लागतं. बाही आईने स्वतः उसवली. गुंडा या पार्सलमध्ये आहे.

चाचणी झाली. माझी दोन गणितं राहिली, कारण प्रत्येक उत्तर लिहून झाल्यावर मी त्याच्याकडे बघत बसायचे. बाई म्हणाल्या की वेग थोडा वाढवायला हवा. पण तुकडी तीच आहे. शेजारीण पण तीच आहे. तिला तुझा आशीर्वाद सांगितला, ती म्हणाली की थँक्यू.

आता डाव्या बाहीला दर ६ ओळींनी वाढव, शेवटच्या १२ सरळ. उजवीला पण तसंच. दोन्ही हात सारखे आहेत, मी मोजले.

काल एक गोष्ट झाली. आईच्या प्रयोगशाळेत नवं कपाट येणार आहे. त्यात काचेच्या नळ्यांचे किती ट्रे बसतील याचा हिशोब ती घरी करत होती. करून झाल्यावर तिने कागद उचलून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली की बघ गं जरा, पटतंय का. मी आधी साधारण किती येईल ते मनात धरलं, मग तिचं उत्तर बघितलं. पटलं. मी तसं सांगितलं. तिने विचारलं की नक्की ना? मी म्हणाले, नक्की.

मग तिने तो कागद पुन्हा न बघता पर्समध्ये टाकला आणि दिवा घालवला.

बाकी सगळे मजेत. मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण तिथे मोठी तू एकटीच आहेस, म्हणून तो तुलाच. घड्याळवाल्या काकांना पण दे एक. माया असू दे, भरपूर.

तुझी,
भिंगरी